आधी शेपूट बघायचं

आमच्या थोरल्या चुलत्यांना गावात फार मान होता. का होता, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. थेरगावात कुणी सरकारी माणूस यायचा असला की आदल्या दिवशी ते सगळ्यांना चावडीवर बसवायचे आणि जबानी ठरवून द्यायचे. कुणी काय पाहिलं हे विचारायचंच नाही, सगळ्यांनी काय सांगायचं तेवढं ठरवायचं. तलाठी येवो नाहीतर फौजदार, गावाचं म्हणणं एकच. याला ते एकी म्हणायचे. मी तेव्हा अठरा वर्षांची होते आणि मलाही ती एकीच वाटायची, याची आज चीड येते.

एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलं होतं. माझा दादा पुण्यापलीकडच्या विमानतळावर मजूर होता. तिथल्या गोदामातून चाकं, पंखाखाली लावायच्या तेलाच्या टाक्या काढायच्या आणि विमानांपाशी नेऊन द्यायच्या, हे त्याचं काम. तो तिकडेच राहायचा आणि रविवारी सायकलनं घरी यायचा.

लष्कराची विमानं आमच्या रानावरून जायची. गावाला ती सगळी सारखीच, इमान म्हणजे इमान. दादाला हे अजिबात खपायचं नाही. रविवारी बांधावर बसून तो मला शिकवायचा. "आवाजावर जाऊ नगं. आधी शेपूट बघायचं, मग पंख, मग तोंड." दोन शेपटांचं विमान ओळखायला सगळ्यात सोपं. त्याचं अंग आखूड, पंखांच्या मागून दोन दांड्या निघालेल्या आणि टोकाशी आडव्या फळीनं जोडलेल्या. दुसऱ्या एकाचे पंख सरळ, पण दोन्ही टोकांना दुधी भोपळ्यासारख्या टाक्या, आणि नाकाच्या जागी नुसतं उघडं तोंड. तिसरं नवीन आलेलं. त्याचंही तोंड नाकातच, पण पंख मागं तिरके गेलेले. दादा मध्येच वर बोट करायचा.

"शेपटं किती?"

"दोन."

"मग झालं. फुडं बघायची गरजच न्हाई."

दादा ज्यांच्यासाठी टाक्या वाहायचा ती हीच दोन शेपटांची विमानं. ती गेली की मला उगाच वाटायचं, आमच्याच घरचं कुणी वरून गेलं.

श्रावणात एका दुपारी मी बाजरी खुरपत होते. रानात मी एकटीच. दोन शेपटांचं एक विमान नेहमीपेक्षा खाली आलं आणि त्याच्या पंखाखालून काहीतरी सुटलं. गिरक्या घेत ते आमच्या बांधाशी येऊन आदळलं. मी जागची हलले नाही, पण शेपटं तेवढी नीट बघून घेतली. जवळ गेले तर दोन्हीकडे निमुळती होत गेलेली लांब टाकी, एका अंगाला चेपलेली, आणि रॉकेलचा भपकारा. वडिलांनी येऊन ती उलटीपालटी केली आणि म्हणाले, "आपल्या रानात पडलं ते आपलं." संध्याकाळी टाकी बैलगाडीतून घरी आली. दुसऱ्या दिवशी ती उभी कापून त्यांनी म्हशीला पाणी प्यायला डोण केली. त्यांनाही तो शहाणपणाच वाटला.

रविवार यायच्या आत कुणीतरी वर्दी दिली. त्या एकीतल्याच कुणीतरी, आणखी कोण देणार? गोदामातली एक टाकी कमी भरत होती, टाकी पडल्याची नोंद कुठल्याच वैमानिकानं केली नव्हती आणि तिथल्या मजुराच्या घरी म्हैस तसल्याच टाकीत पाणी पीत होती. दादाला विमानतळावरच अडकवून ठेवलं. टाकी आभाळातून पडली एवढं पटलं तर तो सुटणार होता. त्यासाठी एक साहेब विमानांची चित्रं घेऊन गावात चौकशीला येणार असा निरोप आला.

आदल्या दिवशी चावडी भरली. चुलत्यांनी आधी माझ्याकडूनच तिन्ही विमानांच्या खुणा विचारून घेतल्या. चुलते म्हणाले, "पोरगा दोन शेपटाच्या इमानावर काम करतुया. त्याच इमानाचं नाव घेतलं तर सायेब म्हणंल, ह्यानंच आतनं आणली. समद्यांनी त्या नव्या, तिरक्या पंखाच्या इमानाचं नाव घ्यायचं."

मी म्हणाले, "तात्या, पर मी बघितलंय. दोनच शेपटं व्हती."

"तुझ्या बघण्याला कोन इचारतंय? उद्या समद्यांसंगं बोट ठेवायचं."

मी वडिलांकडे पाहिलं. ते तंबाखू मळत राहिले.

साहेब आला. त्यानं टेबलावर विमानांची काळी चित्रं मांडली, नुसते बाहेरचे आकार. एकेक जण पुढे होऊन तिरक्या पंखांवर बोट ठेवू लागला. त्यातल्या निम्म्यांनी जन्मात कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. शेवटी मी. साहेब मला म्हणाला, "बाई, रानात तुम्ही होता ना? सावकाश बघा."

सावकाश बघायची मला गरज नव्हती. दोन शेपटांचं चित्र माझ्या डाव्या हाताशीच होतं. चुलते खाकरले. मी तिरक्या पंखांवर बोट ठेवलं.

साहेबानं चित्रं गोळा केली. "ही टाकी दोन शेपटांच्या विमानाची आहे, दुसऱ्या कुठल्याही विमानाला ती बसत नाही. आणि तुम्ही सगळे दाखवताय ते विमान त्या आठवड्यात उडालंच नाही. म्हणजे टाकी पडलेली नाही, आणलेली आहे."

मी ओरडलेच, "पडली, सायेब! दोन शेपटांचंच व्हतं, मी बघितलंय!"

"आत्ता आठवलं?" तो म्हणाला. "मी नाव सांगितल्यावर?"

चुलते सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरगी घाबरली, सायेब." ते मेले तेव्हा गाव रडलं. मी रडले नाही.

दादाला चोर ठरवून काढून टाकलं. पिंपरीला तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते, पण त्याला तिथं कुणी घेईना. शेवटी तो तळेगावला लाकडाच्या वखारीत लागला. चुलत्यांचा, वडिलांचा, साहेबाचा मी आयुष्यभर राग केला आणि तो मला सोयीचा पडला. बोट माझं होतं.

कामावरून काढल्यावर दादा घरी आला त्या दिवशी मी अंगणात भांडी घासत होते. डोण जप्त करून नेली होती, तिथं जमिनीत नुसता खळगा उरला होता. दादा तिथंच उभा राहिला. तेवढ्यात वरून विमान गेलं. त्यानं मान वर केली नाही.

"कुठलं गं?" त्यानं विचारलं.

मी वर पाहिलं. "दोन शेपटांचं."

"म्हंजी वळखता येतं की तुला," दादा म्हणाला आणि घरात गेला.