मॉसचे आईबाप

डहाणू तालुक्यात ओल्या भिंतीसमोर गुडघे टेकणारा माणूस एकच, आमच्या कॉलेजचे वनस्पतिशास्त्राचे सर. गळ्यात भिंग, खिशात जुनी पाकिटं आणि पाकिटांत शेवाळ. शेवाळ म्हटलं की ते न चुकता दुरुस्त करत, "मॉस म्हण." मसोली गावातल्या त्यांच्या घरी फ्रीजही मॉसचाच. "बोंबील ठेवायचे तर आधी यांना विचारावं लागतं," काकू सांगायच्या. एकदा अच्छाडच्या ढाब्यामागे सर पाण्याची टाकी खरवडत होते, तर मालक हात जोडून आला, "साहेब, उद्याच धुतो टाकी." सर कळवळले. "अहो, नका धुऊ."

हे कौतुक आज सुचतंय. २०१७ साली मला त्यांचा भयंकर राग आला होता. तलासरीकडच्या एका पाड्यामागचा खडक फोडून तिथे दगडखाण काढायचं घाटत होतं. त्या खडकातल्या झऱ्यावर अख्खा पाडा पाणी भरतो. सरांना तिथे एक मॉस सापडलं, कुठल्याच ओळखीच्या जातीत न बसणारं. त्यांनी नमुने पुण्याला तपासायला पाठवले. मी कशाला थांबतेय? खाण अडवायला 'जगात फक्त इथेच!' असं पत्रक छापून वाटूनही टाकलं.

खाणीच्या परवानगीवर सुनावणी होती, तिच्या आदल्या दिवशी डीएनएचा अहवाल आला. त्यातल्या खुणा स्वच्छ होत्या. अर्ध्या आईकडच्या, अर्ध्या बापाकडच्या, आणि दोघंही कुठल्याही मोरीच्या भिंतीवर उगवणारी. संकर. ही दोन जिथे शेजारी येतील तिथे असं पोर होऊ शकतं.

"सर, उद्या नुसते गप्प बसा."

"आणि विचारलं तर?"

"पाड्याचं पाणी गेल्यावर काय तुमचा खरेपणा प्यायचा त्यांनी?"

सर पाकिटं लावत राहिले.

दुसऱ्या दिवशी खाणवाल्यांच्या वकिलाने माझं पत्रक उंच धरलं. "प्राध्यापक, हे खरं आहे?"

"नाही," सर म्हणाले आणि शांतपणे संकर समजावून सांगितला. माझे कान तापले.

"म्हणजे खडक फोडायला हरकत नाही," वकील हसला.

"हरकत आहे. खालची माणसं त्या झऱ्याचं पाणी पितात. ते सांगायला डीएनए कशाला लागतो?"

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी मान वर केली. "कुठला झरा? कागदांत नाही कुठे."

खाणवाल्यांच्या कागदांत नव्हता. माझ्या पत्रकातही नव्हता.

जागेच्या पाहणीचा हुकूम निघाला आणि काम थांबलं, निदान अजून तरी. सरांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. पुढे निवृत्त होऊन ते मुलीकडे नाशिकला गेले.

परवा पाड्यावर गेले होते. हंडा भरता भरता एकीने विचारलं, "ते खडकाला नाक लावणारे मास्तर येत नाय का आता?"

नाही म्हटलं आणि मीच वाकून पाहिलं. सगळं नुसतं हिरवं. आई कोण, बाप कोण, पोर कोण, मला काही ओळखता येईना.