गडद तालुका

मीच केलेला नकाशा, आणि तो बघून माझाच जीव धसकला. हिवतापाचे रुग्ण जितके जास्त, तितका लाल रंग गडद. जिल्ह्यात सगळ्यांत गडद निघाला माझ्या ताईच्या सासरचा तालुका. त्याला लागूनच असलेला तालुका मात्र पांढराशुभ्र.

घाबरून फोन लावला, तर ताई हसायला लागली. "अगं, आमच्या आरोग्यकेंद्राच्या आशाताई कुणाला नुसती कणकण आली तरी बोटातून रक्त काढून तपासायला नेतात. मग सापडणारच ना! सासूबाईंचाही ताप असाच सापडला. गोळ्या झाल्या, आता बसल्यात अंगणात वाल सोलत."

"आणि तुमच्या शेजारच्या तालुक्यात?"

"तिथे कोण फिरकतंय!"

हायसं वाटलं. तो लाल रंग आता मायेचा दिसू लागला. कुणीतरी दारोदार जाऊन कपाळाला हात लावून बघतंय, त्याचा.

मग पांढऱ्या तालुक्याकडे पाहिलं. मघाशी तिथे सगळं ठीक आहे असं समजून मी नजर पुढे नेली होती. त्याला राखाडी रंग दिला आणि खाली रंगसूचीत लिहिलं : इथे अजून कुणी विचारलेलं नाही.