एकेचाळीस नंबरचा सदरा

डेलियासारखं धुणं आमच्या ठाण्यात कुणाचंच नसे, आणि त्यानंच तिचा घात केला. मीही फौजेची धोबीणच, तिची शेजारीण, म्हणून सांगते.

डोंगरापलीकडच्या नदीत सोनं सापडलं आणि ठाणं गळक्या घागरीसारखं रिकामं व्हायला लागलं. पळालेल्या शिपायांना धरायला धाडलेली तुकडीच एकदा घोड्यांसकट पसार झाली! कप्तान नुसता बोंबलत बसला.

डेलियाचा नवरा कॉर्मॅकही पळायच्या गोष्टी करायला लागला. ती पोटुशी होती. गणवेशात ओळखतील म्हणून ती आपल्या जुन्या झग्याचा त्याच्यासाठी साधा सदरा शिवायला बसली.

"डेले, डोकं फिरलंय का तुझं? धरला तर पाठ सोलून काढतील त्याची!"

"आणि राहिला तर? महिन्याच्या सात डॉलरात लेकराला काय घालू गं विनी? घेवडा आणि खारवलेलं डुकराचं मांस?"

"मग तूही जा."

"या पोटानं? आधी तो जाईल, मग मला नेईल."

कपाळ!

कॉर्मॅक गेला. आठवडाभरात नदीच्या उतारावर अडवलाच. दाढी वाढलेली, वर आपण मिझुरीचा चांभार असल्याची थाप. सार्जंट नवा, त्यानं ओळखलं नाही, सोडणारच होता म्हणे. पण जाता जाता त्यानं कॉलर उलटून पाहिली. आत लाल दोऱ्यानं एकेचाळीस.

अहो, सगळ्यांचे सदरे सारखेच, ते मिसळू नयेत म्हणून आम्ही प्रत्येकाच्या कॉलरीत त्याचा नंबर घालतो. डेलियानं हजारदा घातलेला. सदरा हातात आला की हात आपला चालायचाच. तिला पत्ताही नव्हता.

मैदानात त्याला फटके मारले तेव्हा आम्हा बायकांनाही उभं केलं होतं. सार्जंट तिच्यापाशी येऊन हसला, "छान टाका घालतेस हं, बाई!" मेल्याची जीभ झडो. तिनं माझा दंड इतका आवळला की वळ उठले.

मग कॉर्मॅकच्या पायात बेडी घातली आणि त्याला दगड फोडायला लावलं. डेलियाला मात्र ठाण्यातून हाकललं नाही. धुणं कोण धुणार?

पुढच्या सोमवारी गठ्ठ्यात नंबर घालायला कैद्याचा नवा कोरा सदरा आला. त्याचाच. तिनं तो मांडीवर घेतला आणि नुसती बसून राहिली. मला बघवेना.

"दे गं इकडे, मी घालते आकडा."

"नको," ती म्हणाली. "कैद्यांत जाड कापडाचे दोनच सदरे आहेत. नंबर नसला तर हा दुसराच कुणी घालून बसेल. थंडी पडायला लागलीय, विनी."

आणि तिनं सुईत लाल दोरा ओवला.