चौकशीचं लुगडं

मावशीला तिच्या लेकाने बेदाण्याच्या शेडावर ठेवलंय, हे मी सहज म्हणून तासगावला गेले तेव्हा कळलं. म्हातारी दिवसभर बडबडते, पोरांचा अभ्यास होत नाही म्हणे. मावशीला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. शेडाशेजारच्या ज्या पत्र्याच्या खोलीत बेदाण्याला धुरी द्यायचं गंधक ठेवतात, तिथेच कोपऱ्यात तिची वाकळ होती आणि दाराला बाहेरून कडी. दंडावर वळ दिसले म्हणून विचारलं, तर म्हणाली, "पडले गं." पडून वळ उठत नाहीत, एवढं मलाही कळतं.

सांगलीला परत येऊन मी समाजकल्याणच्या कचेरीत अर्ज दिला. पुष्कळ खेटे घातल्यावर चौकशीचा दिवस ठरला. मला वाटलं, आता कुणीतरी न सांगता जाईल आणि ती कडी डोळ्यांनी बघेल. कसलं काय! आपल्याकडे चौकशीसुद्धा पाहुण्यासारखी निरोप धाडून येते. चौकशीच्या बाईंनी आदल्या दिवशीच पोलीस पाटलाला फोन केला, उद्या येतोय, आजींना घरी असू द्या. पाटील माझ्या मावसभावाच्या रोजच्या बैठकीतला. निरोप पोचायला कितीसा वेळ लागणार?

मी गेले तेव्हा मावशी सोप्यात खुर्चीवर बसली होती. न्हाऊ घातलेली, अंगावर कोरं लुगडं, आणि भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्यांचं झंपर. पोहे झाले, चहा झाला. मग सुनेच्या देखत बाईंनी विचारलं, "आजी, काही त्रास आहे का?"

"न्हाई बाई. लय चांगलं हाय. सून देवावानी हाय," मावशी म्हणाली. सून पदराने डोळे पुसायला लागली. माझं डोकंच फिरलं.

मी मावशीला जवळ घेतलं, तर इतकं न्हाऊनही केसांना गंधकाचा वास येत होता. म्हटलं, "बाई, हिच्या केसांचा वास घ्या. बाह्या वर करा. शेडावर चला, मी दाखवते."

"वासाचा पंचनामा होत नाही हो," बाई हसून म्हणाल्या. बाह्यांचं कुणी नावच काढलं नाही. शेडापर्यंत उन्हात जाणार कोण?

निघताना सुनेने बाईंची ओटी भरली. खण, नारळ आणि वर बेदाण्याची जाडजूड पिशवी. बाईंनी पदर पसरून घेतली. मग कुंकू माझ्यापुढे आलं आणि मी तोंड फिरवलं.

"आवं वन्सं, कुंकवाला न्हाई म्हणत्यात व्हय?"

सगळा सोपा माझ्याकडे बघायला लागला. मावशीला कडी घालतात तेव्हा यातलं कुणी वळूनही बघत नाही. अहवालात पुढे आलं की वृद्धेची तक्रार नाही, अर्जदार बाईंचा स्वभाव तापट आहे. आहेच तापट. तिथे थंड राहिलेल्या माणसांची मला किळस येते.

बाईंची जीप निघाली तशी सगळी त्यांना वाटेला लावायला बाहेर गेली. सोप्यात आम्ही दोघीच उरलो. मावशीने कानोसा घेतला.

"गाडी गेली का गं?"

"गेली."

ती चाचपडत उठली आणि निऱ्यांना हात घातला. "हे आदी फेडून घडी घाल गं. सुनंनं पेटीत ठिवायला सांगितलंय. खोलीत मळलं तर परत मार बसंल."