शिवराईवरचा लाल किल्ला

दिल्लीत मयूर विहारच्या एका सोसायटीत जुनी नाणी जमवणाऱ्यांची बैठक होती, तिथे तो मला एकदाच भेटला. मूळचा पुण्याचा, गुरुग्रामला नोकरी करणारा, पस्तिशीचा माणूस. बोलायला गोड. नाणं दाखवताना ते कडेनं, दोन बोटांत अलगद धरायचा. मला ते आवडलंही.

मग त्यानं स्वतः बनवलेलं नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. मराठ्यांनी दिल्लीत स्वतःच्या नावानं नाणं पाडलं असतं तर कसं दिसलं असतं, अशी कल्पना करून त्यानं लाल किल्ल्याचा छाप घडवला होता. आणि तो मारला होता एका खऱ्या शिवराईवर, मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्यावर.

"खरी शिवराई मोडलीत?" मी विचारलं.

"मोडली कुठे सर? झिजलेली होती, कोणी घेतही नव्हतं. आणि मी फसवत नाही, सगळ्यांना सांगूनच देतो."

"बिल्कुल, ही कलाच आहे," शेजारचे एक गृहस्थ म्हणाले.

माझं डोकं तापलं. "कितीतरी लोकांच्या हातांनी झिजली होती ती. कला करायला नवं तांबं मिळत नव्हतं?"

"नव्या तांब्याला तो जुनेपणा येत नाही ना," तो शांतपणे म्हणाला.

मी नाणं उजेडात तिरकं धरलं. बुरुजाखाली जुन्या 'छत्रपति'तला 'छ' अजून पुसट दिसत होता. मी त्यावर बोट ठेवलं, तसा तो ओशाळला.

"सॉरी, तेवढं राहून गेलं. पुढच्या वेळी दाब वाढवतो."

मी नाणं परत केलं आणि उठलो. संध्याकाळभरात त्यानं माफी मागितली ती एवढ्याच गोष्टीची.