दसऱ्याच्या आत

कागद हातात घेण्याआधी ते हात पुसत. आधी एप्रनला, मग टिश्यूने. आणि कागद न वाचताच परत देत. "तुमच्याजवळच ठेवा, ताई. पाहू ना. घाई काय आहे जी?"

तुमच्याही मंडळात असा एक माणूस असेल. कार्यक्रम संपला की खुर्च्या उचलणारा, आभार मानताना नेमकं ज्याचं नाव राहतं. हे मूळचे नागपूरचे, इथे कॅनडात मार्कहॅमला आमच्या समोर राहायचे. इंजिनिअरची नोकरी गेली, तेव्हा मंडळातल्याच एका गृहस्थांकडून त्यांनी रोल विकायची फ्रँचायझी घेतली. मॉलच्या फूड कोर्टात काउंटर, दहा वर्षांचा करार, त्यासाठी घरावर कर्ज.

मी वकिलाच्या ऑफिसात क्लार्क आहे. रोज याद्या करते. काउंटर चालत नाही हे दिसत होतं, म्हणून एकदा रोल घेताना विचारलं, "सहीच्या चौदा दिवस आधी त्यांनी डिस्क्लोजरचे कागद दिले होते? किती दुकानं बंद पडली, खर्च किती, सगळं असतं त्यात."

"चार पानांचं रंगीत ब्रोशर दिलं होतं. वर पेढे."

"ते चालत नाही. कागद दिलेच नसतील, तर सहीपासून दोन वर्षांच्या आत लेखी नोटीस द्यायची. करार रद्द, पैसे परत. ओंटारिओचा कायदाच आहे. सही कधी केली?"

"दीड वर्ष झालं. दसऱ्याला. मुहूर्त त्यांनीच काढला."

मी वहीत लिहिलं: नोटीस, येत्या दसऱ्याच्या आत.

पण त्या गृहस्थांची बायको यांना भाऊबीजेला ओवाळायची. "तिच्या दारात नोटीस कशी टाकू, ताई?" यांची मुलगी मागून ओरडायची, "डॅड, जस्ट सेंड इट!" हे हसून कांदा चिरत. उन्हाळ्यात ते स्वतः जाऊन बोलले. उत्तर आलं, "गणपती होऊ द्या, काढू मार्ग." गणपती झाले. मी दर रविवारी लागणाऱ्या कागदांची यादी पुढे करून म्हणायची, करार आणा. ते म्हणायचे, आणतो.

दसऱ्याला सकाळी ते ऑफिसात उभे. इस्त्रीचा शर्ट, बगलेत करार, हातात मेपलचं पिवळं पान. "सोनं घ्या. शेवटच्या दिवशी आलो, पण आलो ना?"

वकीलबाईंनी करार उलटून शेवटचं पान पाहिलं, मग भिंतीवरचं कॅलेंडर. त्या वर्षी अधिक महिना आला होता. दसरा पुढे सरकला होता. सहीच्या तारखेला दोन वर्षं होऊन आठवडा उलटला होता.

वहीत दसरा लिहिला होता. तारीख मी विचारलीच नव्हती.

वकीलबाई म्हणाल्या, नोटिशीने सुटायची मुदत गेली. नुकसानभरपाईचा दावा लावता येईल, पण तो लढावा लागेल. मी मराठीत सांगितलं. त्यांनी हात पुसले, करार उचलला.

"दावा नको. आता बळ नाही." मग दारात थांबून म्हणाले, "तुमचं काही नाही, ताई. दसरा मीच सांगितला होता."

घर विकलं. आता ते ग्वेल्फला असतात, मुलीच्या बेसमेंटमध्ये. मी फोन करते, ते "मजेत" म्हणतात. ऑफिसात आता मी सर्वांना तारीखच विचारते, सण नाही.

परवा मंडळाचा कार्यक्रम झाला. आभार त्या गृहस्थांनीच मानले, कुणाचंही नाव राहिलं नाही. लोक पार्किंगमध्ये गेले. हॉलमध्ये खुर्च्या तशाच होत्या.

मी उचलायला लागले.