पापनाशम् रस्त्यावर काचेला अभिषेक

आमच्या मोठ्या काकांची मोटार उत्तम चालत असे. अडचण एवढीच होती, की ती कोठे चालली आहे हे आत बसलेल्यांना दिसत नसे.

सकाळी दिसे. ढगाळ दिवशीही दिसे. परंतु मोठेकाका वकील होते, त्यांची बरीचशी अशिले पापनाशम् भागातली होती, आणि कुंभकोणमहून पापनाशम् पश्चिमेला आहे. कोर्ट सुटल्यावर ते निघत तेव्हा सूर्य बरोबर समोर येई, आणि पुढच्या काचेवरचा प्रत्येक ओरखडा, प्रत्येक बारीक खड्डा स्वतंत्रपणे पेटून उठे. मग काका "समोर काहीं आहे काय?" असे मोठ्याने विचारीत गाडी हाकीत. असलेच, तर ते ओरडत असे. (म्हशी ओरडत नाहीत. त्यामुळे एका म्हशीशी काकांचा परिचय जरुरीपेक्षा जवळून झाला होता. इजा कोणालाच झाली नाही, पण दोघांनीही तो मनाला लावून घेतला.)

मी त्या वर्षी रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाले होते, आणि जगातल्या कोणत्याही गोष्टीचे कारण मला विचारावे अशी माझी अपेक्षा होती. कोणी विचारीत नसे, म्हणून मी न विचारताच सांगत असे. काचेची मी भिंग लावून पाहणी केली. खड्ड्यांचे कारण सोपे होते : पुढे धावणाऱ्या लॉरीच्या चाकांखालून उडणारी खडी. ओरखड्यांचे कारण मात्र आमच्या घरातच राहत होते, रोज पहाटे उठून स्नान करीत होते, आणि त्याला मी अत्या म्हणत होते.

अत्या म्हणजे बाबांची आणि काकांची धाकटी बहीण. विठ्ठलावर तिची भक्ती आणि मोटारीवर तिचा अविश्वास, दोन्ही पराकोटीची. गाडी दाराबाहेर पडण्यापूर्वी ती पुढच्या काचेवर, चालकाच्या अगदी नाकासमोर, गोपीचंदनाचा उभा टिळा काढीत असे. काका वडीलधाऱ्यासारखे गंभीर चेहऱ्याने हात जोडीत, आणि पहिले वळण ओलांडताच खिडकीबाहेर हात काढून खांद्यावरच्या कोरड्या अंगवस्त्राने टिळा खसाखसा पुसून टाकीत. गोपीचंदन म्हणजे माती. तिच्यात रस्त्याची धूळ मिसळली, की काच घासायला याहून चांगला मसाला कारखान्यातही मिळणार नाही. कित्येक वर्षे भाऊ आणि बहीण मिळून ती काच भक्तिभावाने खरवडीत होते!

हे निदान मी जेवणाच्या वेळी जाहीर केले.

"म्हणजे माझ्या विठ्ठलानें काच फोडली?" अत्या म्हणाली.

"विठ्ठलाने नव्हे, अत्या. सिलिकाने."

"ती कोण गे?"

काकांनी ताकाची वाटी खाली ठेवली. "तुळजे, रोग सांगितलास. औषध आहे काय?"

"आहे. लोखंडाच्या गंजाच्या अतिसूक्ष्म पुडीने काच घासून पुन्हा गुळगुळीत करता येते. भिंगे तशीच करतात."

आता येथे सांगायला हवे, की मद्रासच्या कॉलेजात एम. एस्सी.साठी मला जागा मिळाली होती आणि उत्तर त्याच आठवड्यात कळवायचे होते. बाबांना विचारले, तर ते म्हणाले, "अण्णांस विचार." (अण्णा म्हणजे मोठेकाका. बाबांना आज तारीख कोणती असे विचारले तरी ते हेच म्हणत.) आणि काकांचे म्हणणे असे, की मुलगी पदवीधर झाली, आता पुरे, वसतिगृहात राहून आणखी शिकायचे ते कशासाठी? मी पंधरवडाभर युक्तिवाद करीत होते. वकिलापुढे युक्तिवाद करणे म्हणजे माशाला पोहायला शिकवणे.

परंतु त्या दिवशी काका म्हणाले, "सरी, बरें आहे. परवां संध्याकाळीं मज पापनाशम् येथें जाणें आहे. तुम्ही सगळेच चला. त्या काचेंतून मज रस्ता दिसला, तर तुज मद्रासला पाठवितों. न दिसला, तर हा विषय या घरांत पुन्हा निघावयाचा नाहीं."

बाबांनी माझ्याकडे पाहिले. अत्याने माझ्या पानात न मागता तूप वाढले. तिला स्वतःला दुसरीच्या पुढे शाळा मिळाली नव्हती, आणि त्याविषयी ती कधी एक शब्दही बोलत नसे. तूप वाढत असे.

लोखंडाचा गंज शोधायला मला लांब जावे लागले नाही. आमच्याकडे दारात रांगोळी काढली, की तिच्याभोवती तांबड्या कावेची रेघ ओढतात. काव म्हणजे लोखंडाचा गंजच, फक्त वाळू मिसळलेला. वाळू काढायची रीत मला तोंडपाठ होती : काव पाण्यात ढवळावी, जड वाळू तळाशी बसू द्यावी, वरचे तांबडे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतावे, आणि त्यात रात्रभर जे मंदपणे खाली उतरेल ते वापरावे. मी पितळेची दोन भांडी ओळीने मांडली, एकात वाळूचा गाळ, दुसऱ्यात ते अमूल्य तांबडे पाणी. आणि समाधानाने झोपले.

सकाळी उठून पाहते, तर दोन्ही भांडी घासून लख्ख, पालथी! शेजारी एका वाडग्यात ओला तांबडा लगदा.

"अत्या, माझी काव?"

"ती काय, धुवून, निथळून ठेविली आहे. आणि ही घे." तिने आपल्या सोवळ्याच्या जुन्या धाबळीचा कापलेला तुकडा माझ्या हातात ठेवला. लोकरीचे कापड हवे असे मी आदल्या दिवशी सहज बोलले होते. "मद्रासला जातेस ना? नीट घास हो."

मी वाकून तिला नमस्कार केला. नमस्कार करताना मनुष्य लगदा तपासून पाहत नाही. रवा विकत घेताना कोणतीही गृहिणी तो चिमटीत धरून चोळून पाहते. मी, प्रायोगिक परीक्षेत पहिल्या वर्गाचे गुण मिळवलेली, तेवढेही केले नाही.

दिवसभर मी घासले. रात्री काच ओल्या गोणपाटाने झाकून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशीही घासले. वर्तुळाकार, समान दाबाने, सतत पाणी शिंपडीत. कानाला बारीक करकर ऐकू येत होती. ती प्रगतीची असावी असे मी मानले. संध्याकाळी काका कोर्टातून आले, तेव्हा मी शेवटची बादली काचेवर ओतली आणि बाजूला झाले.

काच नाहीशी झाल्यासारखी स्वच्छ! एक ओरखडा दिसेना, एक खड्डा दिसेना. पलीकडे बाबांच्या सदऱ्याची गुंडी तुटलेली स्पष्ट दिसत होती.

"शाबास!" काका म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकला. अत्याने आनंदाने टिळा काढायला हात उचलला, आणि आम्ही तिघांनी एकदमच "नको!" म्हटले. मग तिने तो गाडीच्या बॉनेटवर काढला.

आम्ही निघालो. काका चालवायला, शेजारी मी, मागे बाबा आणि मांडीवर पाण्याचा तांब्या घेतलेली अत्या. (बाहेरचे पाणी ती पीत नसे.) गावातल्या महामखम् तळ्यापर्यंत सर्व काही ठीक होते. गाव मागे पडले. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला चिखलाने भरलेली भातशेते. मध्ये एवढाच रस्ता, की वळायचे झाले तर मोटारीला पंख हवेत. आणि तेथे, वाऱ्याने, काच वाळू लागली.

प्रथम कोपरे धुरकट झाले. मग ती धुरकटी मध्यभागाकडे सरकू लागली. पाहता पाहता सगळी काच दुधासारखी पांढरी झाली, आणि समोरून सूर्याने तिच्यात प्रवेश केला.

"तुळजे!" काका गरजले. "मज काय दिसूं लागलें हें?"

"प्रकाश, काका."

"तो दिसतो! रस्ता कोठें आहे?"

माझ्या मेंदूने, मला शोभेल अशा वेळी, उत्तर शोधून काढले. काच गुळगुळीत झालीच नव्हती. ती सबंध खरखरीत झाली होती. ओली असताना तिच्यातल्या बारीक खाचांत पाणी भरते, म्हणून ती पारदर्शक दिसते. वाळली की स्नानगृहाच्या खिडकीसारखी होते. हे मी अपवर्तनांकासह सांगू लागले.

"पोदुम्!" काका ओरडले. घाबरले की ते तमिळ बोलत. "पुरे! उपाय सांग!"

"पाणी!"

अत्याने क्षणाचाही विचार न करता आपला पिण्याचा तांब्या पुढे केला. मी खिडकीबाहेर अर्धी लोंबकळत काचेवर धार धरली. रस्ता प्रकट झाला! त्याबरोबर एक बैलगाडीही प्रकट झाली. काकांनी चाक फिरवले. बैलाने आमच्याकडे त्या म्हशीच्या नातलगासारखे पाहिले.

"परंतु असे झालेच कसे?" मी बाहेरूनच ओरडले. "सूक्ष्म पुडीने ओरखडा पडणे शक्यच नाही!"

"तुझ्या कावेंत फार घाण होती गे," मागून अत्या म्हणाली. "एका भांड्यांत नुसतें तांबडें गढूळ पाणी! तांदूळ धुतों तसें तें ओतून दिलें, आणि दुसऱ्यांत तळाशीं बसली होती ती स्वच्छ काव तुजसाठीं ठेविली."

मी तांब्यासकट स्तब्ध झाले. म्हणजे दोन दिवस मी काका, मद्रास आणि माझे भवितव्य निवडक, धुतलेल्या वाळूने घाशीत होते!

"आणि... ते तांबडे पाणी?"

"टाकिलें नाहीं हो. दारांत रेघा ओढल्या. कशा रेशमासारख्या उठल्या! शेजारणी विचारीत होत्या."

"धार!" काका ओरडले. काच पुन्हा पांढरी झाली होती.

तांब्या संपला. मग बाबा उतरून कालव्यातून भरून आणू लागले. काका कासवाच्या गतीने पुढे, मी काचेवर संततधार धरलेली, बाबा धोतर खोचून मागून पळत. काचेच्या कडांमध्ये उरलेली काव भिजून तांबडे ओघळ बॉनेटवरच्या गोपीचंदनावर उतरत होते आणि फटींतून आत काकांच्या अंगावर उडत होते. एका वळणावर काही माणसांनी खांद्यावरचे पंचे, तिकडे देवापुढे बांधतात तसे, कमरेला बांधले आणि भक्तिभावाने हात जोडले. एका वृद्धाने बाबांना गाठून विचारले, "ही स्वारी कोणत्या देवळाची?"

"अण्णांस विचारा," बाबा धापा टाकीत म्हणाले.

पापनाशमला अशील दारातच उभे होते. वकीलसाहेब कमरेपर्यंत तांबडे आणि निथळत उतरलेले पाहून त्याने आपला खटला आपसांत मिटवण्याची तयारी दाखवली.

परतीच्या वाटेवर सूर्य मागे होता, आणि थोडे थोडे दिसत होते. मी मनातल्या मनात मद्रासचा निरोप घेत होते. घरी पोचल्यावर काका ओटीवर बसले, अंगवस्त्र पिळले, आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून पाहिला. त्याच्यावरही तांबडे शिंतोडे होते.

"काका, द्या इकडे," मी हळूच म्हटले. "मी पुसून देते."

काकांनी चष्मा दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"दूर हो!"

अत्या पुढे झाली. "अण्णा, तिचें काहीं चुकलें नाहीं. पाणी मीं ओतिलें. शिकलें असतें तर ओतिलें नसतें."

काकांनी एकदा आपल्या बहिणीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि मग दिवाणखान्यातला बिलोरी आरसा, घड्याळाची काच, हंड्या, झुंबर यांवरून त्यांची नजर सावकाश फिरली.

"मद्रासच्या प्रयोगशाळेंत," त्यांनी विचारले, "काचेचीं भांडीं असतात काय?"

"पुष्कळ असतात, काका."

"तीं आपलीं नव्हेत ना?"

"नाही. सरकारी."

"मग जा!" काका म्हणाले. "उद्यांच जा!"

अत्या पदर डोळ्यांना लावून रडू लागली, आणि बाबा प्रथमच कोणालाही न विचारता हसले. वसतिगृहात पुढे अनेक हुशार मुली भेटल्या. कोणी घराण्याचे नाव उज्ज्वल करायला आली होती, कोणी देशाची सेवा करायला. मी एकटीच अशी होते, की जिला घरच्यांनी घरातल्या उरलेल्या काचेच्या संरक्षणार्थ उच्च शिक्षणाला धाडले होते!